इलेक्ट्रॉनिक मॅलेट वाद्याशी ओळख: जोडणीपासून पहिल्या अलंकारापर्यंत

मॅलेट म्हणजे गोल टोकाची काठी; तिने वाजवायचे नवे मॅलेटस्टेशन हे इलेक्ट्रॉनिक वाद्य घरी आले की बहुतेक जण आधी हेडफोन लावायची जागा शोधतात. ती त्यात नसते. पर्ल कंपनीने कीथ मॅकमिलन यांच्या कंपनीबरोबर केलेले आणि २०१८ मध्ये पुढे आलेले हे तीन सप्तकांचे वाद्य स्वतः एकही सूर काढत नाही. सिलिकॉनच्या पट्टीवर आघात झाला की कोणता स्वर आणि किती जोराने, एवढी माहिती ते यूएसबीच्या तारेतून संगणकाला पाठवते. मारिंबा (लाकडी पट्ट्यांचे वाद्य), व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचे), घंटा, तंतुवाद्ये, जे काही ऐकू येते ते संगणकातले असते. वाद्य आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मनात पक्के झाले की नवशिक्याच्या निम्म्या अडचणी सुटतात. उरलेल्या निम्म्या सूर कधी संपतो या प्रश्नाभोवती असतात. तो भाग पुढे सविस्तर येईल.

बाजारात काय मिळते

या घराण्यातले सर्वांत जुने रुळलेले नाव मॅलेटकॅट. बिल कटोस्की यांनी अमेरिकेत १९८०च्या दशकात ते घडवले आणि पुढे ऑल्टरनेट मोड कंपनीने ते चालू ठेवले. दोन सप्तकांचे एक्सप्रेस, तीनचे प्रो आणि चारचे ग्रँड अशी त्याची रूपे आहेत. काही आवृत्त्यांत आवाजांचे मॉड्यूल आतच असते, त्यामुळे संगणकाशिवायही वाजवता येते. वर उल्लेखलेल्या मॅलेटस्टेशनमध्ये आतला आवाज नाही, पण वेगळी वीज लागत नाही. यूएसबीवरच ते चालते. ब्रिटनमधल्या वर्निक यांचे झायलोसिंथ लाकडी पट्ट्यांचे आहे. हाताला लाकूडच हवे असणाऱ्यांना ते आवडते.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रात दिसणारा ऑक्टोपॅड याच जातीचा, पण त्याला आठच पॅड आणि ते मुख्यतः तालासाठी. मॅलेट वाद्यात पट्ट्यांची मांडणी पेटीसारखी असते: वादकाच्या जवळची रांग पांढऱ्यांची, पलीकडची काळ्यांची. पेटी येणाऱ्याला कोणताही स्वर शोधावा लागत नाही. त्याची खरी परीक्षा अंतरांची असते. पेटीवर बोटे एकमेकांना अंदाज देतात. इथे हात हवेत असतो आणि पुढची पट्टी डोळ्यांनी व खांद्याने मोजावी लागते.

आघाताचा सूर कसा होतो

प्रत्येक पट्टीच्या, म्हणजे पॅडच्या, खाली दोनपैकी एका प्रकारचा संवेदक असतो. दाबसंवेदकाचा विद्युतरोध दाब पडला की कमी होतो. मॅलेटकॅट त्यावर चालते. त्यामुळे पॅडवर काही टेकलेले आहे की नाही हेही त्याला कळते. दुसरा प्रकार पिझोचा. तो कंप मोजतो, दाब नाही. आघात त्याला उत्तम कळतो, पण पट्टीवर हात ठेवून राहिलात तर त्याच्या दृष्टीने काहीच घडत नसते. शिवाय चौकटीतून आलेला शेजारच्या पट्टीचा कंपही त्याला आपलाच वाटू शकतो. वापरलेले वाद्य घेताना यांतला कोणता प्रकार आहे ते आधी विचारा, कारण बिघाडही त्याप्रमाणे वेगळे होतात.

संवेदकाच्या संकेतातून तीन आकडे तयार होतात: स्वराचा क्रमांक, आघाताचा जोर म्हणजे व्हेलॉसिटी, आणि चॅनेल म्हणजे माहिती ज्या वाटेने जाते तिचा क्रमांक. हीच १९८३ पासून चालत आलेली मिडी पद्धत. स्वरक्रमांक ० ते १२७, मधला सी ६०. जोर १ ते १२७. एक घोटाळा सगळ्यांचा होतो: हाच साठ क्रमांकाचा स्वर काही सॉफ्टवेअर सी४ म्हणते आणि काही सी३. पडद्यावर नाव वेगळे दिसले म्हणून सप्तक बदलू नका, क्रमांक पाहा.

जोडणी

स्टँड आधी. पट्ट्यांची पातळी कोपरापेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे हात सैल सोडून पुढे आणल्यावर मनगटापासून मॅलेट थोडे खाली उतरते. कीबोर्डचा एक्स आकाराचा हलका स्टँड शक्यतो टाळा. तो डोलतो, आणि डोलण्यामुळे जोराच्या आघातावर दूरच्या पॅडला उगाच जाग येऊ शकते. बसून वाजवायची सवय लावू नका. तीन सप्तकांत डावीकडून उजवीकडे जाताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर जायला हवे.

मग तारा. यूएसबीची तार थेट संगणकात लावा. जिला स्वतःची वीज नाही अशा हबमधून लावली तर वाद्य मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते आणि बिघाड वाद्यात आहे असे वाटते. तार पाच मीटरपेक्षा लांब नको. मॅलेटकॅटसारख्या यंत्राला वेगळा अडॅप्टर असतो. परदेशातून आणलेला असेल तर त्यावर १००–२४० व्होल्ट लिहिले आहे का ते वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालू नका. फक्त १२० लिहिलेला अडॅप्टर पहिल्याच मिनिटाला जळतो.

पेडल वाद्य बंद असतानाच जोडा आणि सुरू करताना त्यावर पाय ठेवू नका. पुष्कळ वाद्ये चालू होताना पेडल ज्या स्थितीत असेल तिलाच ‘सोडलेले’ समजतात. मग सगळे उलटे होते: पाय उचलला की सूर लांबतो, दाबला की तुटतो. असे झाले तर वाद्य बंद करून पुन्हा सुरू करा. तरीही तसेच राहिले तर पेडलची ध्रुवता उलट आहे. पेडलवरचा छोटा खटका किंवा वाद्याच्या मांडणीतला पर्याय बदला.

संगणकावर आवाज

मॅक किंवा आयपॅड असेल तर गॅरेजबँड फुकट आहे आणि त्यात मॅलेट वाद्यांचे आवाज येतात. विंडोजवर रीपरसारखे सॉफ्टवेअर आणि एखादा मोफत सॅम्पलर, म्हणजे खऱ्या वाद्यांची ध्वनिमुद्रणे वाजवणारे सॉफ्टवेअर, पुरतो. विंडोजवर ऑडिओ सेटिंगमध्ये असिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) निवडणे मात्र विसरू नका, नाहीतर आघात आणि आवाज यांच्यात ऐकू येईल इतके अंतर पडते.

हे अंतर बफरच्या आकड्यावर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून मग वाजवतो यावर, ठरते. प्रतिसेकंद ४४,१०० नमुन्यांच्या दराने १२८ चा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६. यात यूएसबी आणि ड्रायव्हरचा वेळ आणखी मिळतो. २५६ पासून सुरुवात करा, खरखर किंवा तुटक आवाज आला नाही तर १२८ वर या. ५१२ वर हात नकळत पुढे धावू लागतो, आणि ती सवय नंतर मोडायला महिने लागतात. ब्लूटूथ हेडफोन या कामाला अजिबात चालत नाही. त्याचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो. तारेचाच हेडफोन घ्या. स्पीकर तीन मीटर दूर असेल तर हवेतच नऊ मिलिसेकंद जातात हेही हिशोबात धरा.

जुन्या साउंड मॉड्यूलवर वाजवत असाल तर आवाजांच्या प्रमाणित मिडी यादीत ग्लॉकेनस्पील १०, व्हायब्राफोन १२, मारिंबा १३, झायलोफोन १४, ट्यूब्युलर बेल्स १५ क्रमांकावर आहेत. मोजणी शून्यापासून करणाऱ्या यंत्रात प्रत्येक आकडा एकाने कमी. व्हायब्राफोन मागितला आणि मारिंबा आला, तर कारण हेच. आणि चॅनेल दहावर ठेवू नका. तिथे ही यादी लागू नाही, प्रत्येक स्वरावर ड्रम, झांज, टाळी असे वेगवेगळे वाजते.

वाद्याला तुमचा हात शिकवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग वाद्य ‘निर्जीव’ आहे अशी तक्रार करतात. येणारा स्वर व जोर आकड्यांत दाखवणारे मिडी मॉनिटर सॉफ्टवेअर उघडा. अनेक मोफत मिळतात. आवाज बंद ठेवा. आता एकाच पॅडवर दहा हलके आघात करा, दहा मध्यम, दहा जोराचे. हलके २० ते ३५ च्या आसपास, मध्यम ६० ते ८०, आणि जोराचे १०५ ते १२० मध्ये आले तर मांडणी ठीक. जोराचा प्रत्येक आघात १२७ दाखवत असेल तर गेन, म्हणजे संकेत मोठा करण्याचे प्रमाण, जास्त आहे: तुमच्या हातातला वरचा सगळा फरक कापला जातोय. हलका आघात कधी लागतो, कधी लागत नाही, तर थ्रेशोल्ड म्हणजे किमान मर्यादा जास्त आहे.

क्रमही महत्त्वाचा. आधी थ्रेशोल्ड, मग गेन, शेवटी व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे आघाताच्या जोरानुसार आकडा कसा वाढतो ते ठरवणारी रेषा. थ्रेशोल्ड इतका खाली न्या की वाद्य स्वतःहून वाजू लागेल, मग दोन पायऱ्या वर या. गेन जोराच्या आघातावर लावा. कर्व्ह सरळ रेषेचा ठेवून आठवडाभर वाजवा आणि मगच बदला, कारण पहिल्या आठवड्यात बदलणारी गोष्ट कर्व्ह नसते, तुमचा हात असतो.

याच वेळी शेजारच्या पॅडचा त्रास तपासा. मॉनिटर पाहत प्रत्येक पॅडवर एक जोराचा आघात करा. एका आघाताला दोन स्वर दिसले तर दुसऱ्याचा जोर वाचा. तो ५ ते १५ इतका लहान असेल तर थ्रेशोल्ड थोडा वाढवून प्रश्न सुटतो. ५० किंवा ६० असेल तर मॅलेट खरोखरच दोन पॅडच्या सीमेवर पडतेय.

पुनराघाताचा अवकाश म्हणून आणखी एक आकडा काही वाद्यांत असतो: आघातानंतर इतके मिलिसेकंद तो पॅड नवे काही ऐकत नाही. मॅलेट उसळून दुहेरी स्वर येऊ नये म्हणून ही सोय. पण दोन हातांनी एकाच पट्टीवर रोल करताना सेकंदाला बारा आघात सहज होतात, म्हणजे दर ८३ मिलिसेकंदाला एक, आणि हातांत थोडा कमीजास्तपणा आलाच. अवकाश ८० वर असेल तर रोलमधले आघात गळतात. २० ते ३० वर ठेवा.

मॅलेट कोणती

मध्यम रबराची किंवा धागा गुंडाळलेली. कठीण प्लास्टिक, पितळ आणि लाकडी टोकाच्या ड्रमस्टिक यांनी सिलिकॉन आणि फोम दोन्ही चिरतात. फार मऊ मॅलेटचा दुसरा तोटा आहे: आघात पसरतो, संवेदकाला कमी जोर कळतो आणि वादक भरपाई म्हणून जास्त आपटू लागतो. मॅलेट बदलली की वरची तीस आघातांची चाचणी पुन्हा करा. एकाच जातीच्या मॅलेट आयुष्यभर पुरतील असे नाही, पण पहिल्या सहा महिन्यांत जोडी बदलू नका.

खऱ्या लाकडी किंवा धातूच्या पट्टीला दोन ठिकाणी मृत रेषा असतात, दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२.४ टक्क्यांवर. तिथूनच दोरी जाते आणि तिथे आघात केला तर आवाज बसका येतो. इलेक्ट्रॉनिक पॅडला अशी रेषा नाही, कुठेही मारा, सूर तोच. नवशिक्याला हे सोयीचे वाटते, पण पुढे मारिंबावर जायचे असेल तर हीच सोय घात करते. पॅडच्या मध्यावर किंवा टोकाच्या अगदी जवळ मारायची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा.

सूर कधी संपतो

मारिंबाच्या पट्टीला कुणी ‘थांब’ म्हणत नाही; ती आपोआप विझते. मिडीत मात्र प्रत्येक सुरुवातीला एक शेवट पाठवावा लागतो. पेटीवर बोट उचलले की शेवट होतो. मॅलेट तर पॅडवरून क्षणात उडालेली असते. मग शेवट कधी पाठवायचा? याचे उत्तर वाद्यातली गेटची वेळ देते: आघातानंतर इतक्या मिलिसेकंदांनी स्वर बंद.

मारिंबाचा आवाज निवडला आणि प्रत्येक सूर खट्कन तोंड मिटल्यासारखा वाटला, तर गेट लहान आहे आणि सॅम्पलर शेवट आल्याबरोबर आवाज कापतोय. गेट एक-दोन सेकंदांवर न्या, किंवा सॅम्पलरमध्ये शेवट दुर्लक्षून आवाज पूर्ण विझू देण्याचा पर्याय असेल तर तो लावा. लाकडी आवाजांना दुसरा उपाय जास्त नैसर्गिक.

तंतुवाद्ये, ऑर्गन, बासरी यांचे उलट. त्यांचा आवाज शेवट येईपर्यंत चालूच राहतो. गेट लांब ठेवला तर चार आघातांत स्वरांचा चिखल होतो. तिथे गेट वाजवण्याच्या लयीत बसवावा लागतो: १२० च्या लयीला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तर गेट ४५० च्या आसपास. दाबसंवेदकाच्या वाद्यांत मॅलेट पॅडवर टेकवून ठेवली तर तेवढा वेळ सूर धरायची सोय असू शकते. ती सापडली तर संथ आलापासारखे काही पहिल्यांदा शक्य होते.

व्हायब्राफोनचा आवाज या दोहोंच्या मधला, आणि शिकायला सर्वांत मोलाचा. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या जुन्या हिंदी गाण्यांत तो लखलखीत, थरथरणारा नाद ऐकून पुष्कळ जण या वाद्याकडे वळतात. केरसी आणि बर्जोर लॉर्ड या भावांची नावे त्या काळाशी जोडलेली आहेत. खऱ्या व्हायब्राफोनला पट्ट्यांवर टेकणारी नमद्याची दांडी असते. पेडल दाबले की ती दूर होते आणि सूर मोकळा होतो. इथे तेच काम पेडलचा मिडी संदेश, म्हणजे कंट्रोल क्रमांक ६४, करतो: ६३ पर्यंत बंद, ६४ पासून चालू. गेट अगदी लहान ठेवा, १०० मिलिसेकंद, आणि सगळी लांबी पायावर सोपवा. स्वरसमूह बदलताना नवा आघात आणि पाय सोडणे एकाच क्षणी, पुन्हा दाबणे लगेच मागून. आघाताच्या आधी पाय उचलला तर मध्ये भोक पडते, उशिरा उचलला तर मागचा स्वर पुढच्यात मिसळतो. रोज दहा मिनिटे फक्त याला द्या. दोन स्वर, सा आणि प, सेकंदाला एक, आणि प्रत्येक बदलाला पाय. थरथर मात्र वेगळी सोय आहे. खऱ्या वाद्यात नळ्यांच्या तोंडाशी फिरणाऱ्या चकत्या ती करतात. सॅम्पलमध्ये ती बहुधा मॉड्युलेशनवर, म्हणजे कंट्रोल क्रमांक १ वर असते.

एखादा सूर अडकून वाजतच राहिला तर घाबरू नका. सॉफ्टवेअरमधले पॅनिक बटण सगळे स्वर बंद करते.

सप्तक आणि गाणाऱ्याची पट्टी

तीन सप्तके म्हणजे वरचा सा धरून ३७ स्वर. व्हायब्राफोनचा विस्तार एवढाच, ५३ ते ८९. मोठ्या मारिंबाचा पाच सप्तकांचा, ३६ ते ९६; तो सप्तक बदलण्याच्या बटणांनी तुकड्यातुकड्यांत वाजवावा लागेल. गाण्याच्या मध्ये बटण दाबताना स्वर वाजत असेल तर तो अडकू शकतो, म्हणून दोन ओळींमधली उसंत पाहूनच दाबा.

गायक ‘काळी दोन’ म्हणाला तर ट्रान्सपोज अधिक ३ करा आणि हात पांढरी एकच्याच जागी ठेवा. ‘पांढरी चार’ला अधिक ५. ‘काळी पाच’ला अधिक १० करण्यापेक्षा उणे २ करा, म्हणजे आवाज चिरका होत नाही. कार्यक्रमात ही सोय वापरण्यात काही गैर नाही. रियाजात मात्र बंद ठेवा, कारण पलीकडच्या काळ्या रांगेवर हात नेण्याची सवय दुसऱ्या कशाने येत नाही. मींड इथे नाही हे आधीच मान्य करा. पिचबेंड, म्हणजे स्वर वरखाली सरकवण्याची सोय, पेडलला लावता येतो, पण तो चॅनेलवर वाजणारे सगळे स्वर एकदमच ओढतो. एकट्या स्वरावर, पेडल सोडलेले असताना, जपून वापरला तर शोभतो.

पहिला महिना

दोनच मॅलेट. दांडी मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर अंगठा आणि तर्जनीत धरा, बाकीची बोटे सैल. तळवे खाली. आघात म्हणजे मॅलेट खाली ढकलणे नाही. ती मनगटाने टाकायची आणि उसळीबरोबर वर येऊ द्यायची. रबर लाकडाइतके उसळत नाही, म्हणून वर आणायचे काम थोडे तुम्हाला करावे लागते. पॅडमध्ये मॅलेट रुतवत राहिलात तर आठवडाभरात मनगट दुखते, आणि दाबसंवेदकाच्या वाद्यात स्वरही नको तेवढे लांबतात.

आधी सपाट अलंकार, उजवा-डावा आलटूनपालटून, ६० च्या लयीला मात्रेत दोन स्वर. मग सारेग रेगम गमप. इथे गट तीनचा असल्याने दर वेळी वेगळ्या हाताने सुरू होतो, आणि नवशिक्याचा डावा हात कमजोर आहे हे लगेच कळते. मॉनिटर उघडा ठेवा. उजव्याचे आकडे ८० आणि डाव्याचे ५५ असतील तर कान काहीही म्हणो, फरक खरा आहे. लाकडी वाद्यावर असा आरसा मिळत नाही. रोज पाच मिनिटे त्यात पाहण्यासारखा दुसरा गुरू या वाद्यात नाही. दोन्ही हातांतला फरक दहाच्या आत आला की लय वाढवा. चार मॅलेटचा विचार त्यानंतर.

रोल केला आणि तो मशीनगनसारखा ऐकू आला, तर दोन शक्यता. प्रत्येक आघाताला तेच ध्वनिमुद्रण वाजतेय. एका स्वराची अनेक ध्वनिमुद्रणे आळीपाळीने वाजवणारा आवाज निवडा. किंवा सॅम्पलरची एका वेळी वाजणाऱ्या आवाजांची मर्यादा कमी आहे आणि नवा आघात जुन्याला कापतोय. ती ३२ किंवा ६४ करा.

निगा

सिलिकॉन धूळ ओढून घेते. ओलसर सुती फडक्याने पुसून लगेच कोरडे करा. थिनर, अल्कोहोल आणि फर्निचरचे पॉलिश लावू नका. पावसाळ्यात कोकणपट्टीत वाद्य पेटीत ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दर महिन्याला बदला, कारण पेडलच्या पिना आणि पाच टाचण्यांचा जुना मिडी जोड तिथे लवकर काळवंडतो. पॅडवर पुस्तके, लॅपटॉप, दुसरे वाद्य असे काही ठेवू नका. दाबसंवेदकावर कायमचे वजन राहिले तर फोम बसतो आणि तो पॅड एकतर मुका होतो किंवा दाबलेलाच आहे असे समजून सूर धरून ठेवतो. वापरलेले मॅलेटकॅट घ्यायला जाताना म्हणूनच लॅपटॉप आणि मॉनिटर सोबत न्या: प्रत्येक पॅडवर पाच सारखे आघात करा आणि आकडे वाचा. शेजाऱ्यांपेक्षा तीसने कमी दाखवणारा पॅड दुरुस्तीला जाणार आहे, आणि त्याचा सुटा भाग मिळेल का हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्या.